शुगरची गोळी नेता, मग दुसरी कुठाय?

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी कबुली देतो. तुमच्या औषधांच्या दुकानात तुम्ही तो प्रश्न विचारलात तेव्हा माझ्या मागे चारजण उभे होते आणि मला तुमचा राग आला होता. शुगरच्या गोळ्यांच्या दोन स्ट्रिप घेऊन मी सुट्टे मोजत होतो. तुम्ही वही उलटून म्हणालात, "काका, शुगरची नेता, मग रात्रीची ती कोलेस्टेरॉलची कुठाय? पाच महिने नेलेली दिसत नाही." मनात आलं, खप वाढवायला बघतेय पोरगी. ३१ वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, बिनतिकिटाचा माणूस चेहऱ्यावरून ओळखायचो. त्या दिवशी भर काउंटरवर मीच सापडलो.

"माझा रिपोर्ट नॉर्मल आलाय," मी ठसक्यात सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "गोळी चालू असताना आला ना? मग तो गोळीचा रिपोर्ट, तुमचा नव्हे. गोळी लगेच नका नेऊ. आधी रक्त तपासा, डॉक्टरांना दाखवा."

हिशेबाचा माणूस, त्यामुळे आकडे पाठ आहेत. पहिल्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २५२, त्यातलं एलडीएल, म्हणजे लोक 'वाईट' म्हणतात ते, १६८. तीन महिने गोळी घेतल्यावर एलडीएल १०२. लॅबच्या कागदावर शेजारी '१३० पर्यंत' छापलेलं, खूणबीण काही नाही. झालं, गोळी बंद! मेव्हण्याने मोबाइलवर धाडलं होतंच की असल्या गोळ्यांनी लिव्हर जातं, त्यापेक्षा लसूण आणि जवस खा. खाल्लं की पाच महिने. तुमच्या सांगण्यावरून पुन्हा रक्त दिलं, तर १६१.

मग एका दुपारी दुकान रिकामं असताना तुम्ही म्हणालात, "तुम्हाला एसटीतच सांगते." कोलेस्टेरॉल म्हणजे उतारू. चरबी रक्तात विरघळत नाही, म्हणून त्याला पायी जाता येत नाही, गाडी लागते. एलडीएल ही लिव्हरच्या डेपोतून उतारू बाहेर नेणारी गाडी, एचडीएल परतीची. उतारू वाईट नाहीत. पेशींचं आवरण, पित्त, काही हार्मोन्स, सगळं त्यांच्यावरच चालतं. पण एलडीएलच्या गाड्या रस्त्यावर फार झाल्या की त्या रक्तवाहिनीच्या अस्तरात घुसतात आणि तिथेच अडकतात. कुंभार्ली घाटात ट्रक आडवा झाला की काय होतं ते मी जन्मभर पाहिलंय. फरक इतकाच, इथे वर्षानुवर्षं कुणी हॉर्नही वाजवत नाही. दुखत नाही, खुपत नाही.

गोळीचं काम मला सगळ्यात आवडलं. लिव्हर स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करतं, ते ही गोळी कमी करते. मग लिव्हरला टंचाई जाणवते आणि रक्तातल्या एलडीएलच्या गाड्या आत घ्यायला ते जादा फाटकं उघडतं. गोळी थांबली की ती फाटकं पुन्हा बंद. "पण ताई, डेपो उतारू तयार करत नाही हो," असं मी म्हणालो, तेव्हा तुम्ही किती हसलात!

डॉक्टरांकडे गेल्यावर आणखी एक कळलं. लॅबने छापलेली रेघ माझी नव्हतीच. हृदयरोगतज्ज्ञांच्या आपल्या देशातल्या संघटनेने २०२४ मध्ये सर्वसाधारण माणसासाठी एलडीएल १०० च्या खाली आणि मधुमेह असलेल्यासाठी ७० च्या खाली ठेवायला सांगितलंय. म्हणजे ज्या १०२ वर मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, ते माझ्यासाठी नॉर्मल नव्हतंच. पहिल्या वेळी हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा.

आणि ती तेलाची पिशवी! 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून मी चार पैसे जास्त मोजत होतो. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांत असतं, शेंगदाण्याच्या तेलात ते येणार कुठून, हे तुम्ही सांगितल्यावर घरी जाऊन बायकोचं बोलणं खाल्लं. खोबऱ्याचं मात्र वाईट वाटलं. त्यातही कोलेस्टेरॉल नाही, पण सॅच्युरेटेड चरबी भरपूर, आणि ती एलडीएल वाढवते. चिपळूणच्या माणसाने वाटणातलं खोबरं निम्म्यावर आणणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सोलकढी आता रविवारी.

सध्या गोळीचा डोस वाढवलाय. मागच्या महिन्यात एलडीएल ७९ आलं. डॉक्टरांनी सोबत दुसरी एक गोळी जोडली आहे, ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही म्हणे.

२०२१ च्या जुलैत पुराचं पाणी दुकानात शिरलं, तेव्हा तुमची जुनी वही गेली. नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं आणि गोळ्या आठवून आठवून तुम्ही दुसरी वही लिहिलीत, हे तुमच्या भावाकडून कळलं. त्याच वहीत मी सापडलो. त्याबद्दल मनापासून आभार.

पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे. माझ्या नावापुढे तारीख लिहून ठेवा. आणि मागे चारजण उभे असले, तरी विचारा.

तुमचा,
स्टँडसमोरचा कंडक्टर काका