काकू, ते छेदांचं गणित सोडवून दिल्याबद्दल

काकू,

समोर येऊन थँक्यू म्हणायला गेले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहूनच टाकतेय, वाचावंच लागेल. आणि इथे बरेच आईबाबा आहेत ज्यांच्या घरी सध्या भिन्नछेद अपूर्णांकांवरून रोज रडारड चालू असणार, त्यांनाही उपयोग होईल.

तर झालं असं की लेकीने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलेलं, वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच, हिशोब एकदम साफ. माझ्या हातात खोडरबर आलाच होता, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, राहू दे, खोडू नको. आणि तिला एवढंच विचारलंत की तुझ्याकडे आधी अर्धा होता, त्यात तू अजून काहीतरी मिळवलंस, मग आता तुझ्याकडे अर्ध्यापेक्षा जास्त असायला हवं की कमी? ती म्हणाली जास्त. मग पाचाचं अर्धं किती? अडीच. आणि तुझ्याकडे पाचातले किती? दोन... आणि तिथे ती जी थांबली ना, तो चेहरा मला अजून आठवतो, कारण उत्तर चूक आहे हे कोणी न सांगता तिला कळलं होतं. मिळवल्यावर कमी कसं झालं हा प्रश्न तिचाच झाला.

मग ती चौकटीची वही. बारा चौकटींची पट्टी आखायला लावलीत, तिचा अर्धा भाग रंगवला तर सहा चौकटी, तिसरा भाग म्हणजे चार, एकूण दहा, म्हणजे १०/१२. मला वाटलं आता लगेच लसावि काढायला लावाल, पण नाही, तुम्ही म्हणालात आता दहा चौकटींची पट्टी घे. अर्धा झाला पाचात, तिसरा भाग मात्र बसेचना, तीन चौकटी आणि वर थोडं काहीतरी. मग आठची पट्टी, तीही नाही. मग तिने स्वतःच कोणकोणत्या पट्ट्या चालतात ते शोधत बसायला सुरुवात केली, सहा, बारा, अठरा, चोवीस, आणि हे सगळे दोनच्याही पाढ्यात आहेत आणि तीनच्याही हे तिनेच ओरडून सांगितलं. लसावि हा शब्द तुम्ही त्यानंतर काढलात. शाळेत तो आधी येतो, काढायची रीत पाठ होते आणि तो कशाला काढायचा हे कोणालाच माहीत नसतं, निदान आमच्या वर्गात तरी नव्हतं.

अजून एक गोष्ट मला फार आवडली ती म्हणजे १०/१२ ला तुम्ही चूक म्हणाला नाहीत. दोघांनाही चालणारा कुठलाही छेद चालतो, १२ घे नाहीतर २४ घे, उत्तर तेवढंच येणार, लहानात लहान घेतला की आकडे लहान राहतात आणि मेहनत वाचते, बस. शेवटी अतिसंक्षिप्त रूप दे म्हणजे झालं, ५/६. इथे मुलांचे मार्क कापले जातात आणि त्यांना वाटतं आपलं गणितच चुकलं, खरं तर गणित बरोबर असतं.

आता माझ्याबद्दल. मला तिरका गुणाकार शिकवलेला, याचा छेद त्याच्या अंशाला आणि त्याचा छेद याच्या अंशाला, आणि खाली दोन्ही छेदांचा गुणाकार. चालतं ते, प्रश्नच नाही. पण तुम्ही ५/१२ + ७/१८ दिलंत तेव्हा माझं ९० + ८४ = १७४, खाली २१६, आणि मग संक्षिप्त करत बसा. तुम्ही काय केलंत, १२ आणि १८ चा मसावि ६, दोघांना ६ ने भागून २ आणि ३ हाती आले, आता हे तिरके वापर, म्हणजे पहिल्या अपूर्णांकाला वरखाली ३ ने गुण, दुसऱ्याला २ ने. १५/३६ + १४/३६ = २९/३६, संपलं. माझं अजून २१६ वरच चाललेलं. आणि वर तुम्ही सहज सांगितलंत की ११५० सालच्या लीलावतीत भास्कराचार्यांनी एकाच श्लोकात हे दोन्ही सांगून ठेवलंय, थेट एकमेकांच्या छेदांनी गुणा, नाहीतर हुशार असाल तर छेद आधी लहान करून घ्या आणि मग गुणा. मला वाटत होतं हा कुठल्यातरी क्लासवाल्यांचा शॉर्टकट आहे!

तीन अपूर्णांक आले की माझी तिरकी रीत तशीही गडबडते. १/२ + १/३ + १/४ ला कोण कोणाशी तिरकं जाणार? १२ घेतला की ६ + ४ + ३, म्हणजे १३/१२, एक पूर्णांक एक बारांश, आणि तोपर्यंत लेकीचं लिहून झालेलं असतं.

वजाबाकीचं तर वेगळंच थँक्यू पाहिजे. सव्वापाच वजा दोन पूर्णांक दोन तृतीयांश, म्हणजे छेद समान केल्यावर ५ पूर्णांक ३/१२ वजा २ पूर्णांक ८/१२. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून तिने पाचातला एक सुटा केला आणि सवयीने तीनाचे तेरा केले, कारण साध्या वजाबाकीत दहाच येतात ना. तुम्ही फक्त विचारलंत, एकात बारांश किती? बारा. मग तिनात बारा मिळव, १५/१२, त्यातून ८/१२ गेले, ७/१२, आणि चारातून दोन गेले दोन. दोन पूर्णांक सात बारांश. पण खरी मजा त्यानंतरची, तुम्ही म्हणालात आता सुटं न करता कर. दोन पूर्णांक दोन तृतीयांशपासून तीनपर्यंत जायला किती लागतं, १/३. तीनपासून सव्वापाचपर्यंत, सव्वादोन. मिळवून टाक, १/३ आणि १/४ चे ७/१२ आणि वर ते दोन. तेच उत्तर, आणि वजाबाकी कुठे केलीच नाही! आता ती घरात प्रत्येक वजाबाकी अशीच करते, कधी कधी गरज नसताना पण, असो.

आणि उत्तराचा अंदाज आधी बोलून दाखवायचा हा तुमचा नियम. तेव्हा मला तो उगाच वेळखाऊ वाटत होता, खरं सांगते. मग तुम्ही ते अमेरिकेतलं सांगितलंत, १९७८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं उत्तर साधारण किती एवढंच विचारलं होतं, पर्याय १, २, १९ आणि २१. दोन्ही जवळजवळ एक एक आहेत, म्हणजे दोन. बरोबर उत्तर दिलं फक्त २४ टक्के मुलांनी, आणि निम्म्याहून जास्त मुलं १९ नाहीतर २१ वर गेली, म्हणजे सरळ अंश मिळवले किंवा छेद मिळवले. मी लेकीला विचारलं तर ती हसली, म्हणाली आई १९ कसं येईल, दोघं मिळून दोनपण होत नाहीत. मग नीट करूनही दाखवलं, १८७/१०४, पावणेदोनच्या जरा वर.

ज्यांची मुलं आत्ता यात अडकलीयेत त्यांना एक सांगायचंय, हे जमलं की पुढे एक नवीन गोंधळ येतो, मुलं गुणाकारातसुद्धा छेद समान करायला लागतात. आमच्याकडे पण झालं, २/३ गुणिले ३/४ ला तिने ८/१२ आणि ९/१२ करून ७२/१४४ आणलं. उत्तर बरोबरच आहे, अर्धा. काकू त्यावर काही रागावल्या नाहीत, थेट गुणून बघ म्हणाल्या, ६/१२, आणि आता सांग तो खटाटोप कशाला केलास. बेरजेत आपण तुकडे मोजतो म्हणून ते एकसारखे लागतात, गुणाकारात तुकड्याचा तुकडा काढतो, तिथे ती अटच नाही.

आता काकू, एक काम आहे तुमच्याकडे. तिने १/२ + १/३ + १/६ केलं आणि बरोब्बर १ आलं, तर तिला एवढा आनंद झाला की तेव्हापासून डोक्यात एकच, की मधला कुठलाही न गाळता १/२, १/३, १/४, १/५ असं ओळीने मिळवत गेलं तर कधीतरी पूर्ण संख्या येईल का. १/६ पर्यंत जाऊन २९/२० वर पोचलीये, छेद समान करायला आता तिला कोणी लागत नाही, पण वही भरत चाललीये आणि मला "येईल का गं" विचारते. मी तिला सांगितलंय की हे काकूंना विचार. रविवारी पाठवते, वही घेऊनच येईल.

तुमची,
वरच्या मजल्यावरची