लांझारोते ओसाड नाही हो!

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला लांझारोते बेटावरचा (स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक) लेख वाचला. फोटो झकास आहेत, पण लेखात तीनदा "ओसाड" आणि शेवटी "इथे काहीच उगवत नाही" असं छापलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेक स्पेनमध्ये असते, तिच्यासोबत मी हे बेट चार दिवस फिरलोय आणि मी स्वतः माण तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी आहे, त्यामुळे बाकीचे लोक ज्वालामुखी बघत होते तेव्हा माझं लक्ष शेताकडंच होतं.

पाऊस कमी हे खरंय, वर्षाला 150 मिलिमीटरच्या आसपास. आफ्रिकेचा किनारा जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर, पण खरं कारण म्हणजे बेट बुटकं आहे, सगळ्यात उंच जागा 671 मीटर. त्याच बेटसमूहातल्या तेनेरीफ बेटाचा डोंगर 3,700 मीटरच्या वर, तो ढग अडवतो म्हणून त्याची उत्तर बाजू हिरवीगार, आणि इथं तेच ढग वरून निघून जातात.

त्यात 1 सप्टेंबर 1730 ला रात्री जमीन फाटली आणि 1736 पर्यंत लाव्हा येत राहिला. सहा वर्षं! जवळपास पाव बेट गाडलं गेलं, गावं गेली, चांगली सुपीक जमीन गेली, कितीतरी लोक बेट सोडून गेले. यातलं सुरुवातीचं बरंचसं याइझा गावच्या पाद्र्यानं लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं.

पण जे राहिले त्यांनी काय केलं ते तुमच्या लेखात यायला हवं होतं. ला हेरिया नावाचा भाग आहे, तिथं आपल्या मुरमासारखी दिसणारी काळी, सच्छिद्र राख पसरलीय, तिला ते पिकोन म्हणतात. लोकांनी ती राख उकरत उकरत खालची जुनी माती गाठली, दोन-तीन मीटर खोल खड्डे, आपण झाडाला आळं करतो तसंच पण माणूस आत उतरेल एवढं, आणि एका खड्ड्यात बहुतेक एकच द्राक्षाचा वेल. वाऱ्याच्या बाजूला दगडाचा अर्धगोल बांध, कारण ईशान्येचा वारा तिथं थांबतच नाही. राख पाणी लगेच खाली जाऊ देते आणि उन्हाला वर ओढू देत नाही. मी हात घालून बघितलं, वर चटका बसत होता आणि वीतभर खाली गार ओल. खरं सांगतो अंगावर काटा आला. पूर्वी नांगराला उंट जुंपायचे आणि प्यायचं पाणी म्हणजे टाक्यांत साठवलेला पाऊस, समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट आला तो 1960च्या दशकात.

अशा जागेला ओसाड म्हणणं हा तिथल्या माणसांवर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला एक विनंती, शेतीच्या पानावर त्या खड्ड्याचं उभ्या छेदाचं चित्र छापा, वर राख किती, खाली माती कुठं लागते, मूळ कुठवर जातं सगळं दाखवून. आमच्याकडची पोरं कापून ठेवतील.

आपला,
एक जुना वाचक, दहिवडी (जि. सातारा)