बाबा, मी क्लासेस काढत नाहीये

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

सकाळी फोनवर बाबांनी विचारलं, "कोचिंग म्हणजे दहावीचं की बारावीचं?" आणि मी हसले. हसायला नको होतं. नंतर कळलं की आईने शेजारच्या काकूंना सांगूनही टाकलंय, पोरगी जाहिरातीचं काम सोडून क्लासेस काढतेय म्हणून. मला गणितात ५४ होते हे तुम्हाला पाठ आहे, मग विषय तरी कोणता धरला होतात? माझं कोचिंग म्हणजे धंदा चालवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचे, ऐकायचं, आणि उत्तर त्याचं त्यालाच शोधू द्यायचं. फोनवर हे धड सांगता येत नाही, मधेच कुकरची शिट्टी होते. म्हणून लिहितेय.

आधी काळजीचं. एजन्सी बुडालेली नाही. कर्ज नाही, फ्लॅटचे हप्ते फिटलेत. काम माझ्याबरोबरची दोघं बघतील, माझा थोडा हिस्सा राहील. पैसे मात्र सध्या निम्म्याच्या आसपास येतात, ते लपवत नाही. दिवाळीत आईने "काम कसं चाललंय" विचारलं तेव्हा "मस्त" म्हणाले होते. मस्तच चाललं होतं, फक्त कुठलं ते सांगितलं नव्हतं.

ब्रँडिंग मी पुण्याच्या कॉलेजात शिकले असं तुम्ही लोकांना सांगता. पण त्याआधी सांगलीत, बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे तेव्हा, गणपती पेठेतल्या पायऱ्यांवर बसून शिकले होते. नीळ लावलेल्या दोरीचं एक टोक मी धरायचं, दुसरं बाबांनी, मधे ताणून टणकन सोडायची की पत्र्यावर सरळ रेघ. पण ब्रश डब्यात बुडायच्या आधी बाबा दुकानदाराशी अर्धा अर्धा तास बोलत बसायचे. वर नाव कुणाचं? देवाचं, वडिलांचं, की नुसतं आडनाव? तिथंच भावाभावांत जुंपायची. तो कापडवाल्यांचा बोर्ड आठवतो? 'बंधू' असं रंगवून दिलेला दोन वर्षांनी परत आला आणि तुम्ही 'बंधू'वर पिवळ्या रंगाचे दोन हात मारलेत. तरी दुपारच्या उन्हात तिरकं बघितलं की खालचं 'बंधू' दिसायचंच.

चौदा वर्षं एजन्सी चालवताना मला तो बोर्ड सारखा आठवत राहिला. लोक लोगो मागायला यायचे आणि अडलेलं भलतंच असायचं.

एक मसाल्याचं काम सांगते. गाव सांगत नाही, बाबा लगेच ओळखतील. वडील आणि दोन मुलगे. नवा पाऊच करून हवा होता. आम्ही तीन महिने राबलो. छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर, म्हणजे कोरलेला रूळ, लागतो, सात रंग म्हणजे सात सिलिंडर, आणि एकदा कोरले की बदल म्हणजे पुन्हा खर्च. रोल छापून आले. वडिलांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "आमच्या आईचा फोटो कुठाय?" मोठा मुलगा खाली मान घालून बसला. धाकट्याने फोटो काढायला सांगितला होता, मोठ्याला ते माहीत होतं, वडिलांना कुणीच विचारलं नव्हतं. कारण धंद्यात शेवटचा शब्द कुणाचा, हे त्या घरात कधी ठरलंच नव्हतं. नुकसान निम्मं आम्ही सोसलं. मला राग त्यांचा नाही आला, माझा आला. पहिल्याच मीटिंगमध्ये ते दिसत होतं आणि मी रंगांची पट्टी उघडून बसले होते.

सहा महिन्यांनी धाकट्याचा रात्री फोन. "ताई, डिझाइन नको. अर्धा तास बोलायचंय." मी तासभर त्याला उपाय सांगितले. त्यातला एकही त्याने केला नाही, आणि करण्यासारखा नव्हताही.

त्यानंतर मी कोचिंग रीतसर शिकायला लागले. या क्षेत्रात सरकारी परवाना वगैरे काही नाही, उद्या कुणीही पाटी लावून बसू शकतो, आणि बसतातही. म्हणूनच मला कागद हवा होता. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेली एक संस्था आहे, इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन. तिच्या पहिल्या पायरीला ६० तासांचं शिक्षण, १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, वर मेंटर कोचकडे, म्हणजे आपलं काम तपासणाऱ्या अनुभवी कोचकडे, १० तास आणि परीक्षा. पुढच्या पायरीला ५०० तास लागतात. पहिली पायरी मी गेल्या महिन्यात पार केली.

त्या मेंटर बाईंनी माझं एक रेकॉर्डिंग ऐकलं, समोरच्याच्या परवानगीने अर्थात. ३० मिनिटांतली १९ मिनिटं मीच बोलत होते! बाईंनी ओरडून नाही, नुसती घड्याळाची वेळ वाचून दाखवली. सगळ्यात अवघड काय असेल तर प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं. समोरचा माणूस खिडकीबाहेर बघतो, पेनाचं टोपण काढतो, घालतो, आणि माझ्या जिभेवर तयार उत्तर वळवळत असतं. ते गिळायचं. माझ्यासारख्या बोलघेवडीला ते किती जड जातं हे आईला सांगायला नको.

कोच म्हटलं की बाबांना आचरेकर सर आठवणार, स्टंपवर ठेवलेलं रुपयाचं नाणं आठवणार. पण आचरेकर सरांना क्रिकेट येत होतं. मला मसाला येत नाही, फाउंड्री येत नाही. माझ्याकडे येणाऱ्याला त्याचा धंदा माझ्यापेक्षा जास्त कळतो, हे धरूनच मी बसते. 'कोच' हा शब्द मुळात हंगेरीतल्या कोच नावाच्या गावचा, तिथे चांगल्या घोडागाड्या बनायच्या. गाडीवरून तो इंग्रजीत गेला आणि मग ऑक्सफर्डच्या पोरांनी परीक्षा पार करून देणाऱ्या शिकवणीवाल्याला कोच म्हणायला सुरुवात केली. म्हणजे क्लासेसवाला अर्थ बाबांनी अगदीच चुकीचा काढला नव्हता.

"बोलण्याचे पैसे घेतेस?" असं बाबा म्हणणार. बोलण्याचे नाही, मी ऐकण्याचे घेते. हसू नका. तुम्ही दुकानदाराशी बोलायचात त्या अर्ध्या तासाचे पैसे तुम्ही कधीच लावले नाहीत, फुटावर भाव केलात, आणि फ्लेक्स आल्यावर तोच भाव पडला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

आई, कोण कोण येतं ते मात्र विचारू नकोस. तुलासुद्धा सांगता येणार नाही, तो नियम आहे. तुझा रुसवा मी आधीच धरून चाललेय.

बाबा पाटी रंगवून देतो म्हणाले, त्याचं सांगते. मोतीबिंदूच्या डोळ्यावर ताण नको, पण हात शिवशिवत असतील तर लहानशी करा. खाली काय लिहायचं हे मलाच सुचेना. मार्गदर्शक म्हणावं तर मी मार्ग दाखवत नाही. समुपदेशक म्हणजे वेगळं शिक्षण, वेगळं काम. प्रशिक्षक म्हटलं की लोक शिट्टी शोधतील. तेव्हा सध्या नुसतं नाव काढा, तुमच्या त्या जाड अक्षरात, आणि खालची ओळ मोकळी सोडा. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय, तेव्हा बसून ठरवू. आईच्या गुडघ्याचं तेल घेतलंय.

तुमची,
धाकटी

ता. क. काकूंच्या नातवाला गणितासाठी माझ्याकडे पाठवायचं ठरवलं असेल तर कृपा करून थांबवा.