यादीतली अकरा घरं

स्कॉटिश बॉर्डर्स
ऑक्टोबर, रविवार रात्र

प्रिय चिमे,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र हातात पडून तीन आठवडे झाले. आमच्या चर्चच्या मंडळीचं मतदान व्हायचं होतं आणि ते होईपर्यंत दुसरं काही लिहायला हात उचलेना. आज सकाळची उपासना झाल्यावर ते झालं. सगळे बाकांवरच बसून राहिले. चिठ्ठ्या वाटल्या, गोळा केल्या, मोजल्या. शेजारच्या दोन मंडळ्यांबरोबर आपण एक व्हायचं आणि आपली इमारत सोडायची, असं ठरलं. विरोधात चौघंच होते. निकाल वाचला तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग मागच्या बाकावरचे एक आजोबा उठले आणि दर रविवारसारखे हीटर बंद करायला गेले.

घरी येऊन मी भात टाकला आणि गॅससमोर उभ्याउभ्या रडले. सहा वर्षांपूर्वी नर्सच्या नोकरीसाठी या खेड्यात आले तेव्हा ही इमारत मला नुसती थंड आणि उघडी वाटली होती. वेदी नाही, मूर्ती नाही, रंगीत काच एकाच खिडकीला. लांब भिंतीच्या मधोमध उंच व्यासपीठ, खाली साधं लाकडी मेज, आणि बाक सगळे व्यासपीठाकडे तोंड करून. इथं सगळा भर ऐकण्यावर. १५६० साली स्कॉटलंडने रोमशी नातं तोडलं तेव्हापासूनची ही घडण आहे. इथं चर्चला ‘कर्क’ म्हणतात.

बंद करण्याची कारणं खोटी नाहीत. छपराचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. पाळकच, म्हणजे धर्मगुरूच, मिळत नाहीत. आमच्या पाळकबाईंकडे चार चर्चेस आहेत, रविवारी सकाळी एकीकडचा आशीर्वाद देऊन त्या गाडीत बसतात ते थेट दुसरीकडच्या पहिल्या गीताला पोचतात. १९५० च्या दशकात चर्च ऑफ स्कॉटलंडचे सभासद तेरा लाखांच्या आसपास होते, आता तीन लाखही नाहीत. २०२२ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ असं लिहिलं. त्यामुळे ठिकठिकाणी प्रेस्बिटरीला, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या मंडळ्यांच्या मिळून असलेल्या सभेला, कुठल्या इमारती ठेवायच्या आणि कुठल्या सोडायच्या याची योजना करावी लागली. आमची सोडायच्या यादीत आली.

पण तुला सांगायचं आहे ते दुसऱ्या यादीबद्दल.

दोन वर्षांपूर्वी मला इथं मंडळीची वडील, म्हणजे ‘एल्डर’, नेमलं, ते तुला फोनवर सांगितलं होतं. पण तेव्हा तू विचारलंस, ‘म्हणजे करतेस काय?’ आणि मला नीट सांगता आलं नाही. इथं बिशप नाही. प्रत्येक मंडळीचा कारभार पाळक आणि वडील मिळून बघतात, त्या बैठकीला कर्क सेशन म्हणतात. त्याच्यावर प्रेस्बिटरी आणि सगळ्यांत वर दर मे महिन्यात एडिंबरोला भरणारी जनरल असेंब्ली. राजाचा प्रतिनिधी तिथं येतो खरा, पण तो वर गॅलरीत बसतो आणि चर्चेत भाग घेत नाही. गेल्या मेमध्ये सुट्टी काढून मी प्रेक्षकांच्या बाकावरून ते बघून आले. खाली पाळक आणि वडील शेजारी शेजारी, दोघांच्याही मताला सारखंच वजन. बायकांना वडील होता आलं १९६६ पासून, पाळक होता आलं १९६८ पासून. आणि २००४ साली असेंब्लीच्या मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, झालेल्या पहिल्या बाई, अॅलिसन एलियट, पाळक नव्हत्या, वडीलच होत्या. हे वाचलं त्या दिवशी मला माझ्या आईची फार आठवण झाली. आयुष्यभर आपल्या चर्चचा हिशेब तिने लिहिला आणि सही दुसऱ्याची झाली.

तर, वडिलाचं मुख्य काम यादीचं. मंडळीतली घरं वडिलांमध्ये वाटून दिलेली असतात. माझ्याकडे अकरा आहेत. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, इथं दर महिन्याला नसतो, वर्षातून चार वेळा. त्याच्या आधी प्रत्येक घरी जाऊन बोलावण्याचं कार्ड द्यायचं. बऱ्याच मंडळ्यांनी ही पद्धत सोडली, कार्डं पोस्टाने जातात किंवा छापतच नाहीत. आमच्याकडे अजून हातात द्यायची असतात. कार्डाचं निमित्त. चहा होतो, कुणाचा गुडघा दुखतो ते कळतं, कुणाचा मुलगा फोन करत नाही ते कळतं.

माझ्या यादीत एक विधुर काका आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, ‘माझा देवावर विश्वास उरलेला नाही, पण तू येत जा.’ मी जाते. ते कार्ड घेतात, घड्याळामागे ठेवतात. तिथं बायकोच्या हातची कार्डंही आहेत, सगळी एका रबरात बांधलेली. रविवारी ते कधी आले नाहीत. आज मतदानाला आले होते.

आणि एक मेंढपाळ घर आहे, टेकडीवर, शेवटचं. एप्रिलमध्ये मेंढ्या विण्याचे दिवस असतात, तेव्हा ती माणसं चार-सहा आठवडे झोपत नाहीत. ईस्टरचं प्रभुभोजन त्यांचं दरवर्षी चुकतं. यंदा मी पाळकबाईंना म्हटलं, आपणच जाऊ. पाळकबाईंनी छोटी पेटी घेतली, त्यात भाकर, द्राक्षरस, इवलेसे पेले. स्वयंपाकघराचं मेज पुसलं. शेगडीपाशी खोक्यात एक कोकरू ठेवलेलं होतं, आई मेलेलं, अशक्त. बाई एका हाताने त्याला बाटलीने दूध पाजत होती आणि दुसऱ्या हाताने तिने भाकर घेतली. नवरा दारातच, बूट चिखलाचे म्हणून आत येईना; मी पेला त्याच्याकडे नेऊन दिला. सगळं मिळून दहा मिनिटं. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि परत गोठ्याकडे गेला. चिमे, आपण लहानपणी धनगरांचे कळप रस्त्याने जाताना बघायचो, आणि रविवारी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावं स्तोत्र म्हणायचो, पण त्या दोन गोष्टी माझ्या मनात कधी जोडल्या गेल्या नव्हत्या. त्या दिवशी जोडल्या गेल्या.

गेल्या महिन्यात आवराआवर सुरू झाली. कपाटाच्या तळाशी पत्र्याचा डबा सापडला, उचलवेना इतका जड. आत शिशाचे चौकोनी तुकडे, शेकड्यांनी, प्रत्येकावर गावाच्या नावाचं आद्याक्षर आणि साल ठोकलेलं. ते प्रभुभोजनाचे टोकन. कार्डं यायच्या आधी हे होते. वडील घरोघर जायचे, माणसाला प्रश्न विचारायचे, वागणूक तपासायचे, आणि पात्र ठरला तर हे टोकन हातावर ठेवायचे. ते दाखवल्याशिवाय मेजाशी बसता येत नसे. मी एक हातात घेतलं. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. ते मुठीत घट्ट धरून किती जण टेकडी उतरून आले असतील, आणि किती जणांना ते मिळालंच नसेल.

तुला मी यातलं सगळं चांगलंच सांगणार नाही. जुन्या सेशनच्या नोंदवह्या आता एडिंबरोच्या सरकारी अभिलेखागारात आहेत आणि कॉम्प्युटरवर वाचता येतात. मी रात्रपाळीनंतरच्या दिवशी बसून वाचल्या. अक्षर लागायलाच महिना गेला. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना सगळ्या मंडळीसमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवायचे, एका रविवारी नाही, अनेक रविवार. पुरुषांनाही बसवत, पण पोट बाईचं दिसे, पुरुषाला नाकबूल करता येई. हे वाचून मला राग आला आणि तो अजून आहे. आमच्याच व्यासपीठाखाली हे झालं. पण त्याच वह्यांत, त्याच अक्षरात, विधवेला कोळशासाठी पैसे, अनाथ पोराला बूट, आंधळ्याच्या घरभाड्याला हातभार अशाही नोंदी आहेत. १८४५ मध्ये गरिबांसाठीचा नवा कायदा येईपर्यंत गावातल्या निराधारांचं बघणं हे सेशनचंच काम होतं. म्हणजे घरोघर जाणारा तोच माणूस जाब विचारायचा आणि तोच पीठही पोचवायचा. जाब विचारणं गेलं, हे फार चांगलं झालं. पोचवणं राहिलं पाहिजे.

आज मतदानाआधी आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या वडीलबाई बोलल्या. त्यांचं वय ब्याण्णव. त्या म्हणाल्या, ‘आपली माणसं याआधीही दाराबाहेर पडली आहेत.’ इथल्या प्रत्येकाला कळलं त्या कशाबद्दल बोलत होत्या. १८ मे १८४३. तोवर बऱ्याच ठिकाणी गावचा पाळक कोण हे जमीनदार ठरवत असे, मंडळीला तो नको असला तरी. त्यावरून दहा वर्षं भांडण चाललं, आणि शेवटी त्या दिवशी एडिंबरोच्या असेंब्लीतून पाळक उठून चालत बाहेर पडले. साडेचारशेहून अधिक जणांनी पगार सोडला, घर सोडलं, चर्च सोडलं. थॉमस चाल्मर्स त्यांचे पुढारी. काही जमीनदारांनी त्यांनी काढलेल्या नव्या फ्री चर्चला जागाच दिली नाही, तेव्हा लोक माळावर, पावसात उपासना करत. पश्चिमेला लोख सुनार्ट नावाच्या खाडीवर तर लोकांनी लोखंडाचं तरंगतं चर्च बांधून आणलं आणि पाण्यात उभं केलं! शंभर माणसं चढली की ते इंचभर खाली जाई, असं सांगतात.

बहुतेकांचं पुन्हा एकत्र येणं झालं १९२९ मध्ये. आमच्या खेड्यातही त्यामुळे दोन चर्चेस होती; फ्री चर्चची इमारत आता मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज आहे. वडीलबाईंचं लग्न तिथं झालं होतं. त्या आजही गाडी दुरुस्तीला तिथंच नेतात.

मी त्यांना सांगितलं, की त्या बाहेर पडलेल्यांमुळेच मी इथं आहे. त्यांना ते ठाऊक नव्हतं. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं गिरगाव चौपाटीसमोरचं कॉलेज, तेही १८४३ मध्ये फ्री चर्चबरोबर गेले. त्याच वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे ते आपल्या जालन्याला आले, त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, आणि तुझे-माझे पणजोबा तिथं गेले. ही साखळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात कागदावर काढून दाखवली. त्यांनी तो कागद मागून घेतला.

आणि विल्सनचं गाव इथून फार लांब नाही. लॉडर. १८०४ मध्ये ते तिथं जन्मले. मी एका सुट्टीच्या दिवशी बसने गेले. गावच्या मधोमध १६७३ चं चर्च आहे, विल्यम ब्रूस या वास्तुकाराने बांधलेलं, अधिकाच्या चिन्हासारखं चारी बाजूंना सारखं, मध्यावर अष्टकोनी मनोरा. मी बाहेरच्या भिंतीला हात लावून उभी राहिले. भोवती नुसती मेंढरांची कुरणं. या गावचा पोरगा १८२९ मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकायला कोकणात हर्णैला जाऊन राहिला, आणि १८७५ मध्ये मुंबईतच वारला. तिथं काय मनात आलं ते सांगता येत नाही. फक्त एवढंच वाटलं, की कुणीतरी आपल्या माणसांतून कुणालातरी इथं भेटायला यायलाच हवं होतं.

आता कामाचं. या इमारतीतली शेवटची उपासना जानेवारीच्या पहिल्या रविवारी आहे. नाताळच्या आदल्या रात्रीची उपासना होऊ दे, मग बंद करू, असं सगळ्यांनी मागितलं. (स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टीच १९५८ पासून आहे, जुन्या कर्कला तो सण मान्य नव्हता. आता मात्र त्या रात्री बाक भरतात.) इमारत नंतर विकली जाईल, कदाचित कुणी घर करेल. युद्धात गेलेल्यांच्या नावांची पाटी कुठं लावायची यावर अजून बोलणं चाललंय. मंडळीच्या सूपच्या जेवणाला दुसरा विषयच नसतो. ते जेवण शाळेच्या हॉलमध्ये चालू राहणार आहे. मसुराच्या डाळीचं सूप ते हाडं घालून करतात, मी माझ्या पाळीला फोडणीचं करते, आता दोन्ही संपतात.

शेवटच्या रविवारी तेविसावं स्तोत्र होणार, ‘क्रिमंड’च्या चालीवर. क्रिमंड हे वर उत्तरेकडचं खेडं, तिथल्या चर्चच्या घड्याळावर तासाला एकसष्ट मिनिटं रंगवलेली आहेत. ही चाल इथल्या प्रत्येकाला पाठ असते. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी मी ती वॉर्डात कितीदा ऐकली आहे. त्या आधी मी तेच स्तोत्र मराठीत, आपल्या चालीवर म्हणावं, असं सेशनने ठरवलं आहे. वडीलबाईंनीच सुचवलं.

आणि चिमे, माझी चाल सुटली आहे. पहिलं कडवं येतं, दुसऱ्याला मी घसरते आणि क्रिमंडमध्येच जाते! तू म्हणून फोनवर पाठव. नुसता आवाज नको, पेटीवर पाठव, तुझ्या बाबांना बसव. त्यांचा भाता फुटका असला तरी चालेल. सावकाश, सगळी कडवी. आणि शब्द एका कागदावर तुझ्या हाताने लिहून पोस्टाने टाक, वडीलबाईंना ते देवनागरीतले हवेत, त्यांच्या बायबलात ठेवायला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पुढची कार्डं घेऊन निघेन. त्याच्या आत आलं तर अकराही घरी म्हणून बघीन, आधी त्या विधुर काकांकडे.

आईच्या डोळ्यांचं काय म्हणाले डॉक्टर ते कळव. बेथेलच्या विहिरीला पाणी टिकलंय का? धाकट्याला माझी पापी.

तुझीच,
बेबी