रिकाम्या चॅनेलचं शिखर

प्रिय सुधीर,

उशीर झाला, हव्या तेवढ्या शिव्या घाल. इकडे सगळं ठीक, गुडघा कुरकुरतो तेवढंच.

लिहायला बसलो ते आपल्या सेन्सरपायी. सोन्याच्या नॅनोकणांवर अँटिबॉडी, तिच्यावर प्रथिन बसलं की कणांच्या प्रकाश-शोषणाचं शिखर तांबड्याकडे, म्हणजे लांब तरंगलांबीकडे सरकणार, असा आपला हिशेब. पण ज्या चॅनेलमध्ये, म्हणजे बारीक नळीत, एकही पेशी नव्हती, तिथेही ते सरकलंय. दुसरा कुणी म्हणेल, "मग काय झालं?" पेशींनी सोडलेलं प्रथिन अँटिबॉडीवर बसल्यावर शिखर हलणार ते जेमतेम नॅनोमीटरभर. तेवढं रिकामं चॅनेलच हललं, तर पेशींचं म्हणून काय दाखवायचं?

तापमानाचा दोष नाही. ३७ अंशांना पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याची ताकद) घटतो, आणि शिखर त्याच्याच मागे जातं, म्हणजे ते निळ्याकडे जायला हवं, तेही किंचितच. मला संशय फिनॉल रेडचा, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रावणातल्या (माध्यमातल्या) पीएच दाखवणाऱ्या रंगाचा. इनक्युबेटरबाहेर माध्यमातला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि रंगाचं ५६० नॅनोमीटरचं शोषण वाढतं. आपल्या ४० नॅनोमीटरच्या सोन्याचं शिखर ५३० च्या आसपास. शेजारी असा उंचवटा आला की शिखर शोधायला बसवलेला वक्र त्याच बाजूला ओढला जातो. रंगविरहित माध्यम घे, पीएच धरून ठेवायला २५ मिलिमोलर हेपेस बफर घाल. तरी सरकलं तर सीरमची प्रथिनं चिकटताहेत असं धर. कणांवरच्या मोकळ्या जागा बीएसए या प्रथिनाने आधीच भरून (ब्लॉक करून) बेसलाइन सपाट होईपर्यंत पेशी सोडू नकोस.

कण आणि अँटिबॉडी यांना जोडणारी पेगची (पॉलिमरची) साखळी लांब हवी, हा मॅडमचा हट्ट मला अजून पटत नाही. कणाला ज्यातलं कळतं ते त्याच्याभोवतीचं विद्युतक्षेत्र १०-२० नॅनोमीटरमध्ये विरतं, अँटिबॉडीच दहाएक नॅनोमीटरची. त्याखाली लांब पेग घातला की प्रथिन बसतं ते जवळजवळ क्षेत्राबाहेर. आखूडच घेऊ. आणि अँटिबॉडी जोडायचं रसायन, ईडीसी, ऐनवेळी विरघळव, पाण्यात ते बघता बघता वाया जातं.

सोन्याऐवजी चांदीचं तुणतुणं पुन्हा वाजवू नकोस. संवेदनशील आहे, मान्य. पण ती ऑक्सिडाइज होते आणि तिचे आयन पेशी मारतात. पेशी मेल्यावर आलेख सपाट येईल, त्यावर तू खूश होशील!

कंट्रोल दोन हवेत: एकात नुसतं माध्यम, दुसऱ्यात पेशी त्याच, पण कणांवर आपल्या अँटिबॉडीच्याच आयसोटाइपची (वर्गाची), मात्र आपलं प्रथिन न धरणारी अँटिबॉडी. वजाबाकी दुसऱ्याचीच करायची, पहिलं फक्त असले घोळ पकडायला.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? लेकीची परीक्षा आटोपली का? आयसोटाइप नक्की कोणता ते बाटलीवरून बघून कळव, त्याशिवाय कंट्रोलची अँटिबॉडी मागवता येत नाही.

तुझा,
विनय