कुवेतसमोरचे सुरुंग

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा टँकर कुवेतच्या मीना अल-अहमदी या तेलबंदरात भरायला जाणार हे कळलं. १९९१ च्या आखाती युद्धात तिथल्या समुद्रात काय झालं, असं विचारलंस. लोक वाळवंटातल्या रणगाड्यांचं सांगतात. जहाजावरच्या माणसाने सुरुंगांचं आधी समजून घ्यावं.

इराकने त्या पाण्यात हजाराहून जास्त सुरुंग पेरले. पेरताना त्यांना कोणी अडवलं नाही, कारण युद्ध वेळेआधी भडकू नये म्हणून अमेरिकी जहाजांना उत्तरेकडे जायची मनाई होती. त्यामुळे सुरुंगांचा पट्टा नेमका कुठे सुरू होतो हेच ठाऊक नव्हतं. १८ फेब्रुवारीच्या पहाटे 'ट्रिपोली' ही अमेरिकी युद्धनौका सुरुंगावर गेली. गंमत बघ, सुरुंग काढणारी हेलिकॉप्टरं तिच्याच डेकवरून उडत होती! पाण्याच्या रेषेखाली खोलीएवढं भगदाड पडलं. तीनेक तासांत 'प्रिन्स्टन' या दुसऱ्या अमेरिकी युद्धनौकेचा नंबर लागला.

ट्रिपोलीला लागला तो दोराचा सुरुंग. वजन तळाशी, सुरुंग वर पाण्यात अधांतरी; त्यावरच्या शिंगासारख्या खुंटीला जहाज टेकलं की स्फोट. असे सुरुंग काढायला बोटीने कातऱ्या लावलेली तार मागून ओढत न्यायची, दोर कापला की सुरुंग वर येतो, मग लांबून उडवायचा. प्रिन्स्टनखालचा 'मांटा' मात्र इटालियन बनावटीचा, फायबरचा, जेमतेम मीटरभर रुंद, तळाशी बसून राहणारा. त्याला दोरच नाही, कापणार काय? जहाजाचं चुंबकत्व आणि आवाज ओळखून तो फुटतो. असा स्फोट भोक न पाडताही जहाज खिळखिळं करतो. प्रिन्स्टनचं एक सुकाणू अडकलं, वरच्या बांधणीला तडे गेले. 'अॅड्रॉइट' ही सुरुंग काढणारी बोट पुढे राहून सुरुंग हुडकत होती, 'ब्यूफर्ट' या मदतनौकेने प्रिन्स्टनला ओढून बाहेर काढलं.

तळसुरुंग एकेक करून शोधावे लागतात: लाकडी किंवा फायबरच्या बोटी, सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं हुडकणारं यंत्र), मग बुडी मारणाऱ्या माणसाने नाहीतर दूरनियंत्रित यंत्राने शेजारी स्फोटक ठेवायचं. सोनारवर पिंप, दगड, भंगार, सगळंच सुरुंगासारखं दिसतं, म्हणून काम रेंगाळतं. शिवाय पहिली काही जहाजं मुद्दाम सोडून द्यायची मोजणीही अशा सुरुंगात बसवता येते. पुढचं जहाज सुखरूप गेलं, यावरून काहीच ठरत नाही.

कुवेतच्या किनाऱ्यावर मरीन, म्हणजे समुद्रातून उतरून लढणारे अमेरिकी सैनिक, शेवटी उतरवलेच नाहीत. सुमारे १७,००० मरीन जहाजांवर राहिले आणि त्यांच्या नुसत्या धाकाने इराकी सैन्याच्या डिव्हिजन समुद्राकडे तोंड करून बसल्या.

आता तुझ्या कामाचं. १९०७ च्या हेग करारानुसार दोर तुटलेला सुरुंग आपोआप निकामी व्हायला हवा. त्यावर अजिबात विसंबू नकोस. तरंगती गोल वस्तू दिसली की ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षात, लगेच ओरडून दिशा आणि अंतर सांग, नजर हटवू नकोस. जवळ जाऊन खात्री करायच्या भानगडीत कोणी पडायचं नाही. जागा, वेळ आणि वाहण्याची दिशा नोंदवून रेडिओवर कळवायचं. धोक्याच्या पट्ट्यात पाण्याच्या रेषेखाली काम नसलेल्याने थांबू नये, वॉटरटाइट दारं बंद हवीत. आणि उभी असशील तेव्हा गुडघे ताठ ठेवू नकोस. खालून धक्का आला की आधी घोटे मोडतात.

तुझे बाबा