चंचीतल्या लाल गोळ्या

राजूर, ता. अकोले
श्रावण

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. वहिनींना दिवस गेल्याची बातमी कळली, फार आनंद झाला. पण तू पाठवलेला प्रोटीन पावडरीच्या डब्यांचा फोटो पाहून हसू आवरेना. पाच डबे! दुकान टाकतोयस का?

'तिकडे पाड्यावरच्या गरोदर बायकांना तू काय देतोस?' असं विचारलंयस. मी लोहाच्या लाल गोळ्या देतो. बाकीचं म्हाताऱ्या देतात.

इथे आलो तेव्हा मी सुनांना समोर बसवून आहाराचा तक्ता समजावायचो. पोरी माना डोलवायच्या. सासू दाराशी तांदूळ निवडत ऐकत असायची, तिच्याशी मी अवाक्षर बोलत नसे. चुलीवर काय शिजायचं, बाळंतिणीने काय खायचं, लेकरू दवाखान्यात न्यायचं की देवरुषाकडे, हे सगळं तिच्या हातात. मी आपला भलत्याच माणसाला शिकवत होतो!

शहाणा झालो तो एका महादेव कोळी आजीमुळे. तिच्या दोन्ही सुना गरोदर. रक्त तपासलं तर दोघींचंही हिमोग्लोबिन वाढलेलं. मला नवल वाटलं, कारण बऱ्याच घरांत गोळ्या उकिरड्यावर सापडतात. आजीने कमरेची चंची सोडली. आत सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी, आणि त्यांच्याशेजारी गोळ्यांच्या दोन पट्ट्या, कात्रीने एकेक गोळी सुटी केलेल्या. "प्वाट खडा व्हतं म्हून फेकित्यात पोरी. मी रातच्याला जेवण झाल्यावर हातावर ठिवते, गिळंस्तवर हलत नाय." वर कुर्डूची नाहीतर चाईची भाजी भरपूर, म्हणजे पोट साफ. मी बद्धकोष्ठाचं औषध लिहून देत होतो, बरं का.

सध्या रानात भारंगी, कुर्डू, चाईचा मोहोर, सगळं आहे. कुठली भाजी कोवळीच खुडायची, कुठलीचं पाणी दोनदा काढून टाकायचं, हे आज्यांनाच ठाऊक. नागलीचंही, म्हणजे तुमच्या नाचणीचंही, तेच. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. तरी नव्या पोरांना नागलीची काळी भाकरी गरिबीची वाटते आणि पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा श्रीमंतीचा. मला याचा खरंच राग येतो.

आमच्याच तालुक्यातल्या कोंभळण्याच्या राहीबाई पोपेरे तुला माहीत असतील, २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांनी. नातवंड आजारी पडलं, तेव्हा औषधं मारलेल्या भाजीचा त्यांना संशय आला आणि त्या गावरान वाल, घेवडे, भाताची वाणं जमवायला लागल्या. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. मला त्यांच्यात आधी नातवाच्या ताटाकडे बघणारी आजी दिसते.

पण आज्यांची आरती नको ओवाळूस. पहिलं पिवळसर दूध पिळून टाकायला लावणाऱ्याही ह्याच. चंचीवाल्या आजीशीच माझी यावरून जुंपली होती. मी प्रतिकारशक्तीवर व्याख्यान देत होतो. शेवटी आमच्या सिस्टरबाई वैतागून म्हणाल्या, "आजी, वासराला चीक पाजता ना?" म्हातारी गप्प. मग म्हणाली, "आधी वासराला, उरला त खरवस." पुढच्या आठवड्यात तीच शेजारच्या बाळंतिणीला दटावत होती, "चीक टाकू नको गं, वासरू काय येडं हाय?" जणू हे तिला जन्मापासून ठाऊक!

आता आमच्या आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, बाळंतिणीच्या घरी जातात, ४२ दिवसांत किमान सहा खेपा. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घालून दिली. आमची ताई घरात शिरली की आधी आजीपाशी टेकते, तिच्या गुडघ्यांची विचारपूस करते, मग बाळाचं वजन. गुडघे विसरले तर पुढची खेप फुकट.

तर डबे दुकानदार परत घेत असेल तर दे. नागली पाठवतोय, दोन किलो. पैसे आजीने घेतले नाहीत. चुन्याची डबी मात्र गंजलीय तिची, 'तुझ्या दोस्ताला शहरातून स्टीलची आणाया सांग,' म्हणाली. दिवाळीला येशील तेव्हा विसरू नकोस, झाकण घट्ट बसणारी बघ.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
डॉक्टर